अकरावीत आल्या आल्या नाटकात शिरताना

पहिल्या वर्षी रोल मिळाला नाही म्हणून हिरमुसू नकोस. पुण्यात १९६३पासून पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा चालू आहे. त्याच्या तालमी लागल्या की अकरावीवाल्यांच्या वाट्याला बहुतेक वेळा बॅकस्टेजच येतं, आणि शिकायला तिथेच जास्त मिळतं. मी पहिलं वर्ष फक्त प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू, सांभाळली. ब्लॅकआउटमध्ये टेबल खुणेवर ठेवायचं आणि कपबशी वाजू द्यायची नाही, एवढंच काम. एकदा वाजलीच! पुढच्या वेळी बशीत रुमालाची घडी घातली.

रोल मिळालाच, तर सध्या एवढंच बघ:

– पाठांतर सपाट कर. चाल लावून पाठ केलंस तर ती चाल नंतर दिग्दर्शकाच्या बापालाही मोडता येत नाही.
– समोरच्याचं ऐक. नवखे स्वतःच्या वाक्याची वाट बघत उभे असतात. ते शेवटच्या रांगेतूनही कळतं.
– वाक्याचा शेवट गिळू नकोस. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं. तेच गेलं तर भरत नाट्य मंदिरात मागे बसलेल्याला काय कळणार, 'येतो' की 'येत नाही'? आणि यावर उपाय ओरडणं नव्हे, त्यानं घसा बसतो.

अभिनयाच्या पद्धती वगैरे राहू दे आत्ता. आधी संहिता पूर्ण वाच, दोन-तीनदा. आणि तालमीला पेन्सिल आण. हालचाली रोज बदलतात, पेनानं नुसती गिचमिड होते.