टिन व्हिसलचे (सहा भोकांच्या धातूच्या पाव्याचे) खालचे स्वर फुटतात आणि ती ट्यूनरवर (स्वर मोजणाऱ्या यंत्रावर) चढी दाखवते. घरी दुरुस्त करता येईल का?

हो, येईल. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची व्हिसल डी पट्टीची आहे, नळी पितळेची आणि तोंड प्लॅस्टिकचं. खालचा स्वर धरला की तो उडी मारून वरच्या सप्तकात जातो. आणि तुम्ही आधी बासरी वाजवायचात. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बासरीत हवेची दिशा आपण ओठांनी ठरवतो. व्हिसल अलगुजाच्या जातीची आहे, तिथे ते काम व्हिसलच्या तोंडातली फट करते. आपण फक्त श्वास द्यायचा, आणि खालच्या स्वरांना तो फारच थोडा लागतो. म्हणून हत्यार हातात घेण्याआधी एक करा. सहाही भोकांवर सेलोटेप लावा, नखाने कडा नीट दाबा आणि काचेवर वाफ धरायला सोडतो तसा हलका श्वास सोडा. डी (साधारण ५८७ हर्ट्झ) स्वच्छ आला तर व्हिसल ठीक आहे, हवा तुमच्या बोटांखालून निसटतेय. बोटांची टोकं न टेकवता पेरं सपाट ठेवा. माझ्याकडे 'बिघडलेल्या' म्हणून आलेल्या बऱ्याच व्हिसल या एका चाचणीतच बऱ्या झाल्या आहेत.

टेप लावूनही स्वर फुटला तर तोंडाची खिडकी, म्हणजे त्याच्या वरच्या बाजूचं चौकोनी भोक, उजेडात धरून बघा. फटीतून आलेली हवा समोरच्या धारेवर आपटून दुभंगते आणि त्यातून स्वर निघतो. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकचा केसाएवढा तुकडा तिथे लोंबत असतो, तो नव्या ब्लेडने अलगद कापा. मात्र धार घासू नका. मी माझ्या पहिल्या व्हिसलची धार पॉलिश पेपरने 'साफ' केली आणि ती व्हिसल पुन्हा कधी नीट बोलली नाही. घासलेलं प्लॅस्टिक परत येत नाही, त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

आता चढेपणा. तोंड नळीवर गोंदाने चिकटवलेलं असतं, ते आधी सुटं करा. तोंडाचा भाग नळीसह गरम पाण्यात मिनिटभर बुडवा, फडक्यात धरून पिळा. पहिल्यांदा नाही सुटलं तर पुन्हा बुडवा, पकड लावू नका. सुटलं की गोंद खरवडा. तोंड नळीवर ढिलं बसत असेल तर नळावर गुंडाळतात त्या टेफ्लॉन टेपचा एखादा वेढा पुरतो. मग तोंड जरा बाहेर ओढायचं. ३ मिलिमीटर ओढलं तर खालचा डी साधारण १८ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) उतरतो, वरची भोकं उघडून येणारे स्वर त्याहून जास्त उतरतात. म्हणून नुसत्या डी-वर जुळवू नका, वरची तीन भोकं बंद ठेवून येणाऱ्या जी-वर जुळवा. त्याआधी व्हिसल पाचेक मिनिटं वाजवून गरम करा, थंड नळी उतरलेलीच बोलते.

तोंड सुटं आहे तोवर आणखी एक काम उरकून घ्या. ते उलटं करून आत बघितलं तर फटीच्या तळाखाली पोकळी दिसेल. पोस्टर चिकटवायची निळी पुट्टी त्यात भरून काडीने सपाट करा. ती खिडकीच्या बाजूने फटीच्या कडेशी समपातळीत यायला हवी, पुढे मात्र येता कामा नये. माझ्या अनुभवात यानंतर खालचे स्वर जागेवर बसतात आणि वरचा कर्कशपणा कमी होतो. नाही आवडलं तर काढून टाकता येते.

एखादाच स्वर चढा राहिला तर त्याच्या भोकाची तोंडाकडची कड टेपच्या पट्टीने किंचित झाका. भोक मोठं करणं त्याच्या उलट, स्वर चढतो, आणि ते कायमचं.

वाजवताना दहा मिनिटांत आवाज गुदमरतो का? फटीत थेंब धरतात. भांडी घासायचा द्रव साबण पाण्यात मिसळून फटीतून सोडा आणि न धुता वाळवा, मग पाणी थेंब न धरता पसरतं. ऐन वादनात तसं झालं तर खिडकीवर बोट ठेवून जोरात फुंका.