टाचेचं हाड वाढलंय, म्हणजे आता आयुष्यभर असंच?

"मॅडम, टाचेचं हाड वाढलंय. आता हे असंच राहणार का?" साताऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न गेल्या काही वर्षांत कितीदा ऐकला असेल, त्याला गणती नाही. विचारणाऱ्या कधी शाळेच्या बाई असतात, कधी एसटीतले कंडक्टर, कधी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जाणारे निवृत्त गृहस्थ. औषध चालू असतं, पण भीती हटत नाही आणि सांगितलेलं पथ्य होत नाही, म्हणून हाडांचे डॉक्टरच त्यांना माझ्याकडे पाठवतात. येताना बहुतेकजण जरा दुखावलेले असतात. "म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे का?" असं विचारतात. मी पहिल्यांदा हेच सांगते, की दुखणं टाचेतलंच आहे आणि शंभर टक्के खरं आहे. आपल्याला बोलायचंय ते त्या दुखण्याभोवती साचलेल्या समजुतींबद्दल.

सुनंदाताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) पन्नाशीच्या आतबाहेर. शाहूपुरीत राहतात, कॉलेजच्या मुलांना पोळी-भाजीचे डबे देतात. पहाटे ओट्यापाशी उभ्या राहिल्या की डबे जाईपर्यंत बसणं माहीत नाही. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकवलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ यायची. भिंत धरून मोरीपर्यंत जायच्या. चार पावलं चालल्यावर जरा सैल पडायचं. दुपारी घटकाभर बसून उठलं की पुन्हा तेच.

हे वर्णन ऐकूनच डॉक्टरांना निम्मं निदान कळतं. तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात, आणि पावलाची कमान तो तोलून धरतो. कडक फरशीवर तासन् तास उभं राहणं, वाढलेलं वजन, आखडलेली पोटरी, पातळ तळाची चप्पल, एकदम वाढवलेलं चालणं, या सगळ्याचा ताण टाचेपाशी त्या पट्ट्यावर येतो. झोपेत किंवा बसून तो आखडतो, म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात वाईट. टाचदुखीचं सर्वांत नेहमीचं कारण हेच, आणि चाळिशी ते साठीत ते जास्त दिसतं.

अर्थात प्रत्येक टाच याच कारणाने दुखत नाही. टाचेच्या मागे, पोटरीचा स्नायूबंध जिथे हाडाला चिकटतो तिथे दुखत असेल तर गोष्ट वेगळी. आग होणं, मुंग्या येणं, बधिर होणं हे नसेचं किंवा मधुमेहाचं असू शकतं. पायाच्या अंगठ्याचा सांधा एका रात्रीत लाल होऊन सुजला तर युरिक ॲसिडची शंका घ्यावी लागते. विशी-तिशीतल्या माणसाच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडलेली असते, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पाय टेकवताच येत नसेल, रात्री स्वस्थ पडल्यावरही ठणकत असेल, ताप असेल किंवा मधुमेह असून पायाला जखम असेल, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नका. माझ्याकडे तर मुळीच येऊ नका, आधी डॉक्टर.

सुनंदाताईंचं निदान स्पष्ट होतं. अडचण एक्स-रेची होती. तो मोठा लिफाफा त्या पर्समध्ये न घालता छातीशी धरून आल्या होत्या.

"हाड आतून टोचतंय हो. जितकं चालेन तितकं रुतणार. म्हणून मी चालणंच सोडलंय."

मी रिपोर्ट वाचला. एक्स-रे दोन्ही पायांचा होता आणि हाड दोन्ही टाचांत वाढल्याचं लिहिलं होतं.

"ताई, कुठली टाच दुखते?"

"उजवी."

"आणि डावी?"

"डावीला काय धाड भरलीय? ती चांगली आहे."

"रिपोर्टात लिहिलंय, हाड डावीतही वाढलंय."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. मग एक्स-रे काढून खिडकीकडे धरला आणि बराच वेळ दोन्ही टाचा पाहत राहिल्या. "मग ही का दुखत नाही?" त्यांनी एक्स-रेलाच विचारल्यासारखं विचारलं.

हा प्रश्न त्यांचा त्यांना पडला, याचं मला फार मोल वाटतं. मी सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन पुन्हा पाय वर घेऊन बसल्या असत्या. टाच कधीही न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत असं वाढलेलं हाड दिसतं. दुखण्याचं मूळ बहुतेकदा त्या हाडात नसून ताणलेल्या पट्ट्यात असतं. पण "हाड वाढलंय" हे शब्द कानावर पडले की माणूस घाबरून चालणं बंद करतो, वजन वाढतं, पोटरी आणखी आखडते आणि टाच आणखी दुखते. माणसाला जितका त्रास घटना देते, तितकाच तिचा लावलेला अर्थ देतो, असं मानणाऱ्या विचारात मी घडले. टाचेच्या बाबतीत हे इतकं लख्ख दिसतं, की त्या विचारावरचा माझा विश्वास दर वेळी वाढतो.

भीती उतरली, तरी टाच थांबेना. व्यायामाचा कागद फ्रिजवर लावलेला होता. एमसीआर नावाच्या रबराची मऊ चप्पलही घेतली होती.

"घरात घालता ना?"

"बाहेर जाताना घालते."

"बाहेर किती वेळ असता?"

"भाजी आणायला जाते तेवढाच."

"आणि ओट्यापाशी?"

"स्वयंपाकघरात चप्पल? आमच्यात चालत नाही. आत्याबाईंना तर अजिबात खपायचं नाही."

"त्यांच्याशी बोलून पाहिलंत?"

सुनंदाताई थांबल्या. "आत्याबाई जाऊन किती वर्षं झाली, मॅडम."

मी काहीच बोलले नाही. समुपदेशनात अशा वेळी बोलण्याचा मोह आवरावा लागतो, आणि तो आवरायला मी शिकले आहे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या असत्या ना," त्या म्हणाल्या, "तर मला भिंत धरून चालताना बघून त्यांनीच काहीतरी केलं असतं."

त्या दिवशी मला उमगलेली गोष्ट मी आता प्रत्येकीच्या बाबतीत तपासून पाहते. उपाय बहुतेकींना माहीत असतो, कपाटात आणूनही ठेवलेला असतो. तो करायला स्वतःची परवानगी नसते. सोवळं मोडा, असं मी कुणालाही सांगत नाही. श्रद्धा ज्याची त्याची. मी फक्त विचारलं, की नियमाचा हेतू काय? बाहेरची घाण आत येऊ नये हाच ना? मग तोड त्यांनीच काढली. घरातच वापरायची वेगळी, धुतलेली जोडी, देव्हाऱ्याकडे जाताना काढायची. ओट्यापाशी रबरी मॅट आणि पोळ्या लाटायला उंच स्टूल हेही त्यांचंच.

बाकीचं डॉक्टरांनी आणि फिजिओथेरपिस्टनी सांगितलेलंच आम्ही दिनक्रमात बसवलं. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी, पलंगावरच, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घेऊन बोटं नडगीकडे ओढून धरायची. 10 अंक मोजायचे, असं 10 वेळा, दिवसातून 3 वेळा. भिंतीला हात टेकून पोटरीचा ताण द्यायचा. डबे गेले की पाण्याची गोठवलेली बाटली तळपायाखाली काही मिनिटं फिरवायची. पायाला नीट स्पर्श कळत नसेल, मधुमेह असेल, तर बर्फ आणि गरम पाणी दोन्हींपासून जपा. वेदनाशामक गोळ्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका.

आषाढी जवळ येत होती. लोणंद ते तरडगाव माउलींच्या पालखीबरोबर चालण्याचा सुनंदाताईंचा दरवर्षीचा नेम. "इंजेक्शन घेऊनच टाकते," म्हणाल्या. टाचेतल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम मिळतो, पण पुन्हापुन्हा घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजू शकते, क्वचित पट्टाही तुटतो. घ्यायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, वारीची तारीख बघून ठरवू नका. त्यांनी इंजेक्शन घेतलं नाही. वाटेवरच्या चांदोबाच्या लिंबापर्यंत जीपने गेल्या, उभं रिंगण पाहिलं आणि तिथून पुढे जमेल तेवढं चालल्या. नेम मोडला म्हणून रडतील असं मला वाटलं होतं, पण फोनवर आवाज चांगला खणखणीत होता.

धीर मात्र लागतो. साधारण 10 पैकी 8 ते 9 जण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, पण त्याला कित्येक महिने, कधी वर्षही जातं. सहा महिन्यांनीही फरक नसेल तर शॉकवेव्हसारखे, म्हणजे टाचेवर ध्वनिलहरींचे धक्के देण्याचे, उपचार आहेत. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

दिवाळीच्या सुमारास सुनंदाताई फराळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता दुखत नाही. व्यायाम बंद केला तर चालेल का?" मी म्हटलं, डबे बंद होणार आहेत का? नाही ना? मग पोटरीचा ताण आणि स्वयंपाकघरातली चप्पल, दोन्ही चालू ठेवा.