बिलाल यांची कथा सांगितली म्हणजे उत्तर झाले का?

तुम्ही विचारले आहे, ‘इस्लाममध्ये वर्णभेद नाही, पहिली अजान एका हबशी (मूळचा इथिओपियाचा, आफ्रिकी) माणसाने दिली, असे माझे मुस्लिम मित्र सांगतात. मग मुस्लिम समाजात काळ्या लोकांविषयी तिरस्कार खरोखर आढळतो का?’

होय, आढळतो. मी रायगड जिल्ह्यातील कोकणी मुसलमान आहे आणि हे उत्तर मी आमच्या घरापासून सुरू करणे योग्य ठरेल.

ती पहिली अजान देणारे हजरत बिलाल मक्केत गुलाम होते. तापलेल्या वाळूवर निजवून छातीवर धोंडा ठेवला, तरी ते ‘अहद, अहद’ (ईश्वर एकच) म्हणत राहिले आणि अखेर हजरत अबू बक्र यांनी त्यांना विकत घेऊन मुक्त केले. एवढी कथा आम्हा सर्वांना पाठ असते. पैगंबरांचे साथीदार अबू जर यांचा प्रसंग मात्र क्वचितच कोणी सांगते. भांडणाच्या भरात त्यांनी एका माणसाला त्याच्या आईवरून हिणवले. परंपरेनुसार तो माणूस म्हणजे बिलाल आणि शब्द होते ‘काळ्या बाईच्या पोरा’. पैगंबरांनी त्यांना सुनावले की तुझ्यात अजून जाहिलियत, म्हणजे इस्लामपूर्व काळातील अज्ञानाची वृत्ती, शिल्लक आहे. अबू जर हे इस्लामचे वैरी नव्हते, तर अगदी सुरुवातीला ईमान आणलेल्यांपैकी होते. म्हणजे हा दोष पैगंबरांच्या हयातीत, त्यांच्या जवळच्या माणसात सापडला होता आणि तो तेथेच नाव घेऊन दाखवला गेला. बिलाल यांची कथा सांगून जे विषय संपवतात, ते नेमका हाच भाग गाळतात.

माझ्या चुलत बहिणीसाठी एका सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, कुटुंबातून स्थळ आले होते. मुलगा शिकलेला, नमाजी, मुंबईत चांगल्या नोकरीला होता. फूफींनी (आत्यांनी) फोटो एकदा पाहिला, तो पालथा करून चहाच्या ट्रेखाली सरकवला आणि म्हणाल्या, “घराणं चांगलं आहे, पण मुलं कशी निघतील?” खोलीत आम्ही सात-आठ जण होतो आणि कोणीही काही बोलले नाही. मीही बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते. लहानपणी उन्हात खेळून काळवंडून घरी आलो की याच घरात मला ‘हबशी’ म्हणत असत आणि तो शब्द मी शिवी म्हणूनच शिकलो होतो.

अरबीत ‘अब्द’ म्हणजे दास, म्हणून ‘अब्दुल्ला’ म्हणजे अल्लाहचा दास. त्याच शब्दाचे अनेकवचन ‘अबीद’ अनेक अरब देशांत काळ्या माणसाला उद्देशून तुच्छतेने वापरले जाते. ट्युनिशियाने गुलामगिरी 1846 मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या जवळजवळ वीस वर्षे आधी बंद केली. तरीही तेथील काही काळ्या कुटुंबांच्या आडनावाला ‘अतीग’, म्हणजे मुक्त केलेला, हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या चिकटून राहिला आणि तो नावातून काढण्याची परवानगी एका वृद्ध गृहस्थांना 2020 मध्ये न्यायालयाकडून मिळवावी लागली. वांशिक भेदभावाविरुद्धचा कायदा तेथे 2018 मध्येच झाला होता. मात्र फेब्रुवारी 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी आफ्रिकी स्थलांतरित हे देशाची लोकसंख्या बदलण्याच्या कटाचा भाग असल्याचे म्हटले आणि त्यानंतर काळ्या लोकांवर हल्ले झाले, अनेकांना भाड्याच्या घरांतून बाहेर काढण्यात आले. गिनीने आपल्या नागरिकांना विमानाने परत नेले. गिनी हा मुस्लिमबहुल देश आहे, पण एकच किब्ला (नमाजाची दिशा) त्या लोकांच्या कामी आला नाही.

आपल्या इतिहासातही याची खूण आहे. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, त्याने खडकी (आजचे छत्रपती संभाजीनगर) वसवली आणि मुघल फौजांना दख्खनेत वर्षानुवर्षे रोखले. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात त्याच्या रंगावरून त्याला हिणवतो. भाल्यावर रोवलेल्या अंबरच्या शिरावर बाण मारणारा जहांगीर, असे चित्रही दरबारी चित्रकार अबुल हसन याने काढले. प्रत्यक्षात अंबर कधी मुघलांच्या हाती लागला नाही. तो 1626 मध्ये मरण पावला आणि त्याची कबर खुलदाबादला आहे. शत्रुत्व राज्याचे होते हे मान्य, पण शिवी रंगाची होती आणि दोघेही मुसलमान होते.

तुमच्या मित्रांचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. ते जे शिकले तेच सांगत आहेत आणि गोऱ्या सुनेचा हट्ट तर आपल्याकडे कोणत्याच समाजाला चुकलेला नाही. तरीही त्यांच्याशी बोलताना अबू जर यांचा प्रसंग जरूर काढा. आमच्या मोहल्ल्यातील मक्तबात (मुलांच्या धार्मिक शाळेत) मी रविवारी मुलांना शिकवतो आणि तेथे बिलाल यांच्या कथेनंतर तो सांगतो. गेल्या महिन्यात मी मुलांना विचारले, ‘हबशी’ हा शब्द घरात कोणाला हिणवण्यासाठी वापरलेला तुमच्यापैकी कोणी ऐकला आहे का? एक मुलगी सोडून सर्वांनी हात वर केले.