आधी सॉना बांध

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा ईमेल आणि सोबतचा नकाशा, दोन्ही पाहिलं. मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, ईलीच्या पुढे तळ्याला लागून जंगलातली जमीन, विजेची तार नाही, ओंडक्यांचं घर आणि डोक्यावर एक डॉलरचं कर्ज नाही. जमेल का, असं विचारतोस. जमेल. पण या उन्हाळ्यात जमीन आणि पुढच्या उन्हाळ्यात घर, हे तुझं वेळापत्रक मला पटत नाही. ते कर्ज काढणाऱ्याचं आहे. बांधकामाला कर्ज देणाऱ्या बँकेला वर्षभरात काम पुरं झालेलं हवं असतं. तुझ्यामागे असा तगादा नसेल, तर तो स्वतःच कशाला लावून घेतोस?

लाकूडही घाई मानत नाही. ओल्या ओंडक्यांची भिंत रचली की ती काही वर्षं सुकत, आक्रसत खाली बसत राहते. हिशेब सहा टक्क्यांचा धरतात. म्हणजे आठ फुटांची भिंत जवळजवळ सहा इंच खाली येऊ शकते. म्हणून दारं-खिडक्यांच्या वर तेवढी फट मोकळी सोडून ती फळीआड झाकायची, आणि उभ्या खांबांखाली स्क्रू जॅक, म्हणजे फिरवून उंची कमी-जास्त करता येणारे टेकू, ठेवून भिंत बसेल तसे ते उतरवत राहायचे. फट न सोडता घाईने चौकटी ठोकल्या तर भिंतीचा सगळा भार त्यांच्यावर येतो, दारं घट्ट बसतात आणि काचा तडकतात.

ओंडके हिवाळ्यात तोडलेले घे. थंडीत बुरशी आणि किडे लागत नाहीत आणि बर्फावरून ओढून आणणं सोपं जातं. साल मात्र वसंतात तोडलेल्या झाडाची चटकन निघते. हिवाळी ओंडक्याशी ड्रॉ-नाइफ, म्हणजे दोन मुठींचं साल सोलायचं पातं, घेऊन झटावं लागतं. त्या कामात खांदे भरून येतात, पण पैसे लागत नाहीत. आणि काठावरचीच झाडं तोडून घर बांधू, हे डोक्यातून काढून टाक. पाण्यालगतच्या पट्ट्यात सरसकट तोड चालत नाही. सांडपाण्याची सार्वजनिक सोय नसेल तिथे घरही पाण्यापासून 75, 100 किंवा 150 फूट मागे लागतं. कुठला आकडा लागू होईल, ते त्या तळ्याच्या वर्गावर ठरतं. काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, बांधकामाचे नियम बघणाऱ्या झोनिंग ऑफिसात फोन केलास की सांगतील.

आता मुख्य मुद्दा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून या भागात आलेल्या फिनिश शेतकऱ्यांपैकी बरेच जण आधी सॉना, म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, बांधत. एक छोटी ओंडक्यांची खोली, त्यातच राहायचं, अंघोळही तिथेच, आणि सवडीने मोठं घर. एम्बॅरास गावाच्या आसपास त्यांची ती बांधकामं अजून उभी आहेत. शेजारच्या टॉवर नावाच्या गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी उणे 51 सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं, यावरून त्या भिंतींनी काय सोसलंय ते समज. तूही तेच कर. ओंडके एकमेकांत अडकवायला ज्या खाचा पाडतात, त्यांच्यावर सॉनाच्या लहान कामात हात बसतो. तिथली चूक स्वस्तात सुटते; चोवीस फुटांचा, तीनशे-साडेतीनशे किलोचा ओंडका पुन्हा खाली उतरवणं स्वस्त नाही. परवानगी तिलाही लागेल, आणि तिथे मुक्काम करता येईल का, हेही काउंटीला विचारून घे. पाया मात्र लहान म्हणून उथळ नको. उत्तर मिनेसोटात गोठणरेषा, म्हणजे हिवाळ्यात जमीन जिथवर गोठते ती खोली, पाच फूट खाली धरतात; खाली कातळ लागला तर गोष्ट वेगळी.

विजेबद्दल तू दोन पानं लिहिलीस, मी चार ओळींत उरकतो. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, त्यामुळे दक्षिणेला उंच पाइन असतील तर सोलर पॅनेल शोभेचे. म्हणून जमीन तळ्याच्या उत्तर काठावरची बघ, म्हणजे दक्षिणेला पाणी आणि मोकळं आकाश मिळेल. लिथियम बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नसते, तेव्हा तिची जागा उबदार भिंतीआत. आणि ती सगळ्यात शेवटी घे.

कर्ज नको म्हणतोस आणि त्याच ईमेलमध्ये विकणाऱ्यालाच हप्ते देऊन जमीन घ्यायची म्हणतोस! त्याला कॉन्ट्रॅक्ट फॉर डीड म्हण नाहीतर आणखी काही, कर्जच ते. हप्ता चुकला तर थोड्या अवधीच्या नोटिशीने करार रद्द होतो आणि भरलेलं जातं. त्यापेक्षा आणखी दोन वर्षं भाड्याच्या घरात काढ. इथे सातबारा नाही, तेव्हा टायटलचा, म्हणजे मालकी हक्काचा, शोध वकिलाकडून करून घे. जमिनीखालच्या खनिजांचा हक्क भलत्याकडेच असणं या भागात नवलाचं नाही. रस्ता दुसऱ्याच्या जमिनीतून जात असेल तर वहिवाटीचा नोंदलेला कागद माग, तोंडी आश्वासन नको. तो रस्ता हिवाळ्यात कोण साफ करतं, हेही विचार.

एजंट फेब्रुवारीतच सही मागतोय, असं लिहिलंयस. बर्फाखाली दलदल आणि कोरडी जमीन सारखीच दिसते, आणि दलदलीत भर घालायला कायदा आडवा येतो. तिथला बर्फ एप्रिलअखेर किंवा मेमध्ये जातो. तेव्हा गमबूट घालून सगळी हद्द चालून ये, तोवर इसार देऊ नकोस.

कळावे,
तुझा काका