1200 हा आकडा तुमचा नाहीच

वाचक विचारतात : आहार आणि वजन

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय 41, उंची 156 सेंटीमीटर, वजन 74 किलो. बँकेत नोकरी, म्हणजे दिवसभर खुर्ची, पण घरचं सगळं मीच करते आणि सकाळी अर्धा तास जॉगिंग ट्रॅकवर चालते. मैत्रिणीच्या सांगण्यावरून कॅलरी मोजायचं ॲप टाकलं, त्याने रोज 1200 कॅलरी सांगितल्या. दुपारपर्यंत सगळं नीट पाळते, पण संध्याकाळी सातला घरी आले की चिवड्याच्या डब्यात हात जातो आणि मग रडू येतं. महिन्यात अर्धा किलोसुद्धा उतरलं नाही. माझ्यात जिद्दच कमी आहे का?

उत्तर : ताई, जिद्दीचा विषय सोडा, आधी हा 1200 आला कुठून ते बघू. ॲप टाकताना त्याने तुम्हाला दोन गोष्टी विचारल्या असणार, काम कसलं आणि आठवड्याला किती उतरवायचंय. तुम्ही बहुतेक "बैठं काम" आणि "एक किलो" दाबलं असेल, सगळेच दाबतात. आता एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, म्हणजे आठवड्यात एक किलो हवं तर रोजच्या 1100 वजा. बैठ्या कामाने तुमचा रोजचा खर्च निघतो 1600 च्या आसपास, त्यातून 1100 गेले की उरले 500. इतकं कमी कुणाला सांगता येत नाही म्हणून ॲप आपल्या सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन थांबतं, आणि बायकांसाठी ती पायरी बहुतेक ठिकाणी 1200 असते. म्हणजे तो तुमच्या शरीराचा हिशोब नाही, गणित जिथे अडलं तिथला आकडा आहे. वजनाने, उंचीने, वयाने अगदी वेगवेगळ्या बायका माझ्याकडे येतात आणि सगळ्यांच्या मोबाईलवर तोच 1200 असतो, मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता तुमचा खरा हिशोब करू, वही घ्या. 1990 पासून वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जिऑर नावाचं सूत्र आहे. वजन गुणिले 10, अधिक उंची गुणिले 6.25, वजा वय गुणिले 5, आणि बायकांसाठी शेवटी वजा 161 (पुरुषांना अधिक 5). तुमचे झाले 740 अधिक 975 वजा 205 वजा 161, म्हणजे 1349. नुसतं पडून राहिलात तरी श्वास, हृदय, मेंदू, यकृत चालवायला शरीर एवढं खर्च करतं. त्याला हालचालीचा गुणक लावायचा, अगदी बैठं असेल तर 1.2, थोडी हालचाल असेल तर 1.375. घरकाम आणि रोजचं चालणं धरून मी तुम्हाला 1.375 लावते, म्हणजे दिवसाचा खर्च 1850 च्या आसपास. यातून 400 वजा करा आणि 1450 वर सुरुवात करा. आठवड्याला 2800 ची तूट, म्हणजे महिन्याला साधारण दीड किलो, आणि एवढंच मागायचं. तुमच्या वजनाचे 5 टक्के म्हणजे पावणेचार किलो, तेवढे गेले तरी बीपी, शुगर, गुडघे यांवर फरक दिसायला लागतो. तुमचा बीएमआय, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, 30 च्या वर आहे आणि आपल्या भारतीय लोकांसाठी 23 च्या पुढेच जास्त धरतात, तेव्हा उतरवायला हवं यात वाद नाही, पण सावकाश.

सूत्राचं उत्तर अंदाज असतो हेही लक्षात ठेवा, शे-दीडशेचा फरक सहज पडतो, म्हणून खरी परीक्षा वजनकाट्यावर. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी लिहा, एका दिवसाच्या आकड्याला घाबरू नका. पाळीच्या आधी अंगात पाणी धरतं, काट्यावर किलोभर जास्त दिसू शकतं, ती चरबी नसते. तसंच पहिल्या आठवड्यात भराभर उतरलं तर त्यातलंही बरंचसं पाणीच असतं. तीन-चार आठवड्यांची सरासरी हललीच नाही तर मग 100 कमी करा किंवा चालणं वाढवा. आणि पाच किलो उतरले की हिशोब परत मांडा कारण हलक्या शरीराचा खर्चही कमी असतो.

आता तुमचा खरा प्रश्न, सातचा चिवडा. दिवसभर शरीराला अर्धपोटी ठेवलं की संध्याकाळी ते मागणारच. तुम्ही पत्रासोबत एका दिवसाचा आहार लिहून पाठवलाय, सकाळी एक वाटी पोहे, दुपारी दोन पोळ्या आणि भाजी, मध्ये तीन चहा. यात प्रोटीन कुठंय? तुम्हाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम तरी हवं. सकाळी दोन अंडी घेतली तर बारा ग्रॅम, नसेल चालत तर मुगाचं धिरडं, सोबत दही. दुपारच्या डब्यात मोड आलेल्या मटकीची वाटीभर घट्ट उसळ हवीच, आणि साडेपाचला बँकेतून निघायच्या आधी मूठभर फुटाणे नाहीतर डब्यातलं ताक-दही असं काहीतरी पोटात जाऊ द्या. हे सगळं 1450 मध्ये बसतं, 1200 मध्ये ओढाताण होते. सातला घरी आलात की आधी जेवा, मग बाकी कामं.

आणि मोजण्याचं. बायका पोळ्या मोजतात, एकाची दोन होऊ देत नाहीत, पण तेल कुणी मोजत नाही. तेल ग्रॅमला 9 कॅलरी, कणीक ग्रॅमला साडेतीनच्या आतबाहेर. तुमच्या घरी चार माणसं आहेत आणि महिन्याला पाच लिटरचा कॅन संपतो असं तुम्ही लिहिलंय. पाच लिटर म्हणजे साधारण 4600 ग्रॅम, भागिले चार, भागिले तीस, माणशी रोज 38 ग्रॅम, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी नुसत्या तेलाच्या! तोच खर्च तीन लिटरवर आणलात तर माणशी 23 ग्रॅम होतो, म्हणजे घरातल्या प्रत्येकाच्या रोजच्या 135 कॅलरी कमी, आणि कुणाच्या ताटातलं काही काढलं नाही. यासाठी एक करा, महिन्याच्या एक तारखेला तीन लिटर वेगळं काढून ठेवा आणि फोडणी पळीने घालायच्या ऐवजी चहाच्या चमच्याने घाला, चार जणांच्या भाजीला तीन-चार चमचे पुरतात. पहिले आठ दिवस घरचे कुरकुर करतील, मग जीभ सरावते. दाण्याच्या कुटाचंही तसंच, शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी, आणि आपल्याकडे कूट मुठीने पडतो. दाणे वाईट नाहीत, पण मोजून घाला.

पोळीसाठी ॲपमधलं "एक रोटी" वापरू नका, कुणाची रोटी कुणास ठाऊक. एक दिवस कोरडी कणीक वजन करून घ्या. 300 ग्रॅमच्या दहा पोळ्या झाल्या तर एक पोळी 30 ग्रॅमची, शंभरेक कॅलरी, वर तेल-तूप लावलं तर ते वेगळं धरायचं. भाकरीने वजन उतरतं असं सगळे म्हणतात पण ज्वारीचं पीठ आणि कणीक कॅलरीत जवळपास सारखीच, आणि एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ सहज लागतं म्हणजे दोन पोळ्यांएवढी झाली. भाकरी जरूर खा, पोट भरतं, पण दोन पोळ्यांच्या जागी दोन भाकऱ्या नाहीत.

रविवारची मिसळ तुम्ही भीत भीत विचारलीय. नाशिकमध्ये राहून मिसळ बंद करा असं मी सांगणार नाही आणि सांगितलं तरी महिन्याच्या पुढे कुणी पाळत नाही. मूठभर फरसाण अडीचशे, दोन पाव दोनशे, वरच्या तर्रीतलं तेल दोन मोठे चमचे असलं तरी दोनशेच्या वर, म्हणजे मटकी-पापड-दही धरायच्या आतच साडेसहाशे झाले. तर्री वेगळी मागा आणि रश्श्यावर कमी घ्या, फरसाण अर्धं, मटकी जास्त, एक पाव. त्या दिवशी दुपारी नुसतं ताक-कोशिंबीर आणि थोडं वरण-भात घेतलं की दिवस बसतो.

प्रश्न : मी 19 वर्षांची आहे, गंगापूर रोडला हॉस्टेलवर राहते. उंची 160, वजन 52. मला 45 किलो व्हायचंय. तीन महिने रोज 800 कॅलरी खातेय, 55 वरून 52 झालं आणि आता थांबलंय. केस खूप गळतात, पाळी दोन महिने आली नाही. अजून किती कमी करू?

उत्तर : अजून काहीही कमी करायचं नाही, आणि हे मी तुला अगदी कळकळीने सांगतेय. 52 किलोवर तुझा बीएमआय 20 च्या थोडा वर आहे, म्हणजे तुझं वजन उत्तम आहे. 45 वर तो साडेसतरा होईल, तो कमी वजनात मोडतो. तुला कॅलरीचं ध्येय हवंच असेल तर ते खाण्याचं हवं. बैठ्या कामाच्या, 55 किलो वजनाच्या बाईसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये रोजच्या 1660 कॅलरी सांगितल्यात, तू कॉलेजला जातेस, जिने चढतेस, तू त्याच्या निम्म्यावर दिवस काढतेयस. पुरेसं मिळत नाही म्हटल्यावर शरीर आधी पाळी थांबवतं, केसांकडचं लक्ष काढून घेतं. पाळी बंद राहिली तर हाडंही कमजोर होतात, आणि हाडं भरायचं तुझं वय आत्ता आहे.

या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव, पाळी न येण्याची दुसरी कारणंही तपासायला हवीत, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडचं विचारून घे. आईला फोन करून सगळं सांग, अगदी 800 चा आकडासुद्धा. मेसमध्ये उद्यापासून वरण-भात टाळू नकोस, एकदम भरपूर जमत नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढव, आधी एक पेला दूध, मग एक पोळी जास्त. आणि खाल्ल्यावर अपराधी वाटतं, कुणासमोर जेवायला नको वाटतं, उलटी काढावीशी वाटते असं काही होत असेल तर ते समुपदेशकाला सांगायची गोष्ट आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. कॅलरी मोजायचं ॲप मोबाईलमध्ये असेल तर काढून टाक.

प्रश्न : अंबड एमआयडीसीत शिफ्टला आहे, वय 34, उंची 172, वजन 92. घड्याळ सांगतं की आज 600 कॅलरी जाळल्या, मग तेवढं जास्त खाल्लं तर चालतं का? नाईटला असलो की काय आणि कधी खायचं तेही सांगा.

उत्तर : दादा, घड्याळाच्या जळालेल्या कॅलरी परत खायच्या नाहीत. त्या बऱ्याचदा फुगवून दाखवलेल्या असतात आणि त्यात नुसतं बसून जो खर्च झाला असता तोही धरलेला असतो. तुमच्या वजनाला अर्धा तास बऱ्यापैकी चालून 160 च्या आसपास खर्च होतो, एका वडापावात त्याहून जास्त जातात. तुमचा हिशोब, 920 अधिक 1075 वजा 170 अधिक 5, म्हणजे 1830. उभ्याने काम आहे म्हणून 1.375 लावला तर 2500. त्यातून 500 वजा करून 2000 वर रहा. हालचाल या गुणकात आधीच आलेली आहे, म्हणून दोनदा मोजायची नाही.

नाईटला घरून जेवून निघा, मधल्या सुट्टीत कँटीनच्या भज्यांऐवजी डबा, दोन पोळ्या आणि उसळ नाहीतर अंडाभुर्जी. साखरेचा चहा एकच ठेवा, बाकीचे बिनसाखरेचे. सकाळी घरी आल्यावर हलकं काहीतरी आणि झोप, झोप अर्धवट झाली की दिवसभर खा-खा सुटते हे तुम्ही स्वतः बघितलं असेल. पोटाचा घेर टेपने मोजून ठेवा, पुरुषांना 90 सेंटीमीटरच्या आत हवा, वजन अडलं तरी पुष्कळदा टेप हललेली दिसते.

प्रश्न : आई 63 वर्षांची, पंचवटीत असते, शुगरची गोळी चालू आहे. तिला माझ्यासारखंच 1400 कॅलरीवर ठेवू का? शिवाय ती एकादशी करते.

उत्तर : आधी त्यांच्या डॉक्टरांना भेटा, गोळीचं नाव घेऊन. शुगरच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, आणि इन्सुलिन खाणं कमी झालं तरी आपलं काम करतच राहतात, मग शुगर एकदम उतरते. खाणं कमी करायचं तर डोस बदलावा लागू शकतो आणि तो डॉक्टरांनीच बदलायचा. या वयात स्नायू लवकर जातात, त्यामुळे कॅलरी कापण्याआधी त्यांच्या ताटात डाळ, दही, पनीर आहे का ते बघा. एकादशीला साबुदाणा खिचडी नको, त्यात पिष्ट, तेल आणि दाणे तिन्ही भरपूर. वरीचा भात थोडा, दही, काकडी, शिजवलेले शेंगदाणे असं चालेल, पण उपाशी अजिबात राहू देऊ नका. अचानक घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं तर शुगर तपासा, 70 च्या खाली असेल आणि शुद्ध नीट असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा, वाढली नसेल तर पुन्हा द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.