केसर कुलातील रानफुले आणि माळव्याची काळी माती

बागेची प्रश्नोत्तरे

गेल्या महिन्यात ग्लॅडिओलसच्या कंदांची लागवड सांगताना हे फूल केसर आणि आयरिस यांच्याच कुलातले आहे, असा ओझरता उल्लेख या सदरात झाला होता. त्यावर इंदुरातील वाचकांची जी पत्रे आली त्यांत ग्लॅडिओलस बाजूला राहिले असून बहुतेक सगळे प्रश्न आयरिसविषयीच आहेत. म्हणून या वेळचे सदर त्या कुलालाच देत आहोत.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही उत्तराखंडातल्या चोपत्याहून तुंगनाथला चढून गेलो. वरच्या टप्प्यात, गवताळ उतारावर, जमिनीला जवळजवळ टेकलेली जांभळी फुले दिसली. पाकळ्यांवर गडद ठिपके होते आणि खालच्या प्रत्येक पाकळीच्या मध्यावर पांढऱ्या-पिवळ्या केसांची दाट ओळ होती. वाटाड्याने ‘आयरिस’ एवढेच सांगितले. हे आपल्या देशातले मूळचे फूल आहे का? सोबतच्या एका गृहस्थांनी त्याचा गड्डा उपटून आणला असून तो ते आम्हाला देऊ करत आहेत. आमच्या गच्चीवर तो जगेल का?
— एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : आपण पाकळीवरील केसांची ओळ नेमकी टिपली, त्यामुळे ओळख पटवणे सोपे झाले. ठिपकेदार जांभळे फूल, वीतभरही नसलेला दांडा आणि इतकी उंची यांवरून ते कुमाऊं आयरिस, म्हणजे आयरिस केमाओनेन्सिस, असावे. ते अस्सल हिमालयीन आहे आणि साधारणतः तीन-चार हजार मीटर उंचीच्या कुरणांत वाढते. फुलताना पाने आखूड असतात व फुले सरल्यावर ती लांब होतात. म्हणून जुलैत त्याच वाटेने गेलेल्या माणसाला तिथे नुसते गवत वाढले आहे असे वाटू शकते.

त्या केसांच्या ओळीचे प्रयोजन समजले की संपूर्ण फूल उलगडते. आयरिसच्या फुलात तीन पाकळ्या बाहेर कललेल्या आणि तीन वर उभ्या असतात, आणि मध्यभागी ज्या आणखी तीन ‘पाकळ्या’ दिसतात त्या पाकळ्या नसून स्त्रीकेसराच्या रुंद झालेल्या शाखा असतात. प्रत्येक शाखा खालच्या पाकळीवर छतासारखी वाकते आणि त्या दोहोंमध्ये एक अरुंद बोगदा तयार होतो. केसांच्या ओळीवर उतरलेली मधमाशी मधासाठी या बोगद्यात शिरते, तेव्हा तिची पाठ आधी शाखेच्या टोकाशी असलेल्या कुक्षीच्या (पराग स्वीकारणाऱ्या भागाच्या) पातळ ओठाला घासते आणि दुसऱ्या फुलातून आणलेला पराग तिथे लागतो. त्यानंतर आत दडलेल्या पुंकेसराला पाठ लागून नवा पराग चिकटतो. माशी मागे सरकत बाहेर पडते तेव्हा तो ओठ उलट बाजूने दाबला जात असल्यामुळे त्याच फुलाचा पराग आतल्या बाजूला लागत नाही. अशी तीन स्वतंत्र दारे एका फुलात असतात. गच्चीवरच्या कुठल्याही आयरिसमध्ये काडेपेटीच्या काडीने ही छते हळूच उचलून पाहता येतात.

आता मूळ प्रश्न. हा गड्डा इंदुरात टिकणार नाही. पुष्कळांना वाटते की अडचण केवळ फुलण्याची आहे आणि दोन महिने फ्रिजमध्ये ठेवल्याने हिवाळ्याची भरपाई होईल. थंडीअभावी कळी न धरणे हा भाग आहेच, कारण हे झाड वर्षातले काही महिने बर्फाखाली सुप्त राहते आणि आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री सहसा दहा अंशांच्या आसपासच थांबतात. परंतु त्याचा जीव जातो तो उन्हाळ्यात. तापमान वाढत गेले की झाडाचा श्वसनाचा खर्च वाढतो, पानांनी तयार केलेले अन्न त्याला पुरत नाही आणि गड्ड्यातला साठा हळूहळू संपतो. शब-ए-मालवाचे, म्हणजे माळव्याच्या सुखद रात्रीचे, कौतुक आपल्याला कितीही असले तरी मे महिन्यातली आपली रात्र या झाडाला सोसवणारी नाही. जूनअखेर अशक्त झालेला गड्डा कोमट, ओल्या मातीत सापडतो आणि पंधरवड्यात कुजून जातो. ज्या वर्षी आणला त्या वर्षी पाने फुटतात, म्हणून लोकांना तो ‘लागला’ असे वाटते. ती पाने जुन्या साठ्यावर आलेली असतात.

शिवाय तुंगनाथचा परिसर केदारनाथ वन्यजीव अभयारण्यात मोडतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यातून परवानगीशिवाय वनस्पती काढून आणता येत नाही. त्या गृहस्थांना हे सांगण्याचे काम आपल्याला अवघड वाटेल, पण ते सांगावेच. पांढऱ्या-जांभळ्या फुलांची हौसच असेल तर ‘आफ्रिकन आयरिस’ म्हणून विकले जाणारे डायटीस मैदानी हवेत वाढते. ते देशी नाही, पण त्याच्या जगण्यासाठी वर्षभर झगडावे लागत नाही.

प्रश्न : देहरादूनच्या नणंदबाईंनी काही वर्षांपूर्वी दिलेल्या गड्ड्यांची आमच्या अंगणात आता दोन-तीन बेटे झाली आहेत. कमरेइतक्या दांड्यावर शेंदरी रंगाची, लाल ठिपक्यांची फुले येतात आणि संध्याकाळी मिटतात ती पुन्हा उमलत नाहीत. त्याचे नाव काय? बियांपासून रोपे कशी करावीत? आणि गेल्या पावसाळ्यापासून एका बेटाची पाने बुडापासून पिवळी का पडत आहेत?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : या महिन्यातले सर्वांत आनंदाचे पत्र हे आहे, कारण हिमालयापासून चीन-जपानपर्यंत पसरलेले आणि माळव्यातही सुखाने राहणारे केसर कुलातले रानफूल आपल्याकडे आधीच आहे. रोपवाटिकेत ते ‘बेलमकांडा’ किंवा ‘लेपर्ड लिली’ या नावाने मिळते. लिलीशी मात्र त्याचा संबंध नाही. फूल हातात घेऊन पुंकेसर मोजावेत : लिलीत सहा असतात, केसर कुलात तीनच. दुसरी खूण पानांची. एकाच प्रतलात पसरलेल्या पानांपैकी एक बुडाशी पाहिले तर ते मधोमध दुमडून आतल्या पानाला कवेत घेते आणि वर जाता जाता त्या दोन घड्या एकमेकींना जुळून सपाट पाते बनते. त्यामुळे वरच्या भागात पानाला पाठ-पोट असा भेद उरत नाही, दोन्ही अंगे सारखीच दिसतात.

या झाडाने शास्त्रज्ञांनाही बराच काळ चकवले. मलबारच्या वनस्पतींची जी बारा खंडांची सचित्र नोंद डच अधिकारी व्हान ऱ्हीड यांनी १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमहून प्रसिद्ध केली तिच्यात ते आहे. बेलमकांडा हे नाव तिथलेच. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये त्याला एकदा चक्क ऑर्किडांत घातले. पुढे ते दीर्घकाळ स्वतंत्र प्रजाती म्हणून नांदले, कारण त्याच्या सहाही पाकळ्या जवळजवळ सारख्या असतात आणि वर सांगितलेला बोगदा त्यात नसतो. अखेर डीएनएच्या पुराव्यावरून २००५ मध्ये त्याला आयरिसमध्ये आणून ‘आयरिस डोमेस्टिका’ असे नाव देण्यात आले.

आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे : प्रत्येक फूल एकाच दिवसाचे असते. मिटताना पाकळ्या पिळून ठेवलेल्या रुमालासारखा पीळ घेतात आणि तो पीळ तसाच वाळून गळतो, त्यामुळे कोणते फूल होऊन गेले आहे हे लांबूनही कळते. एका दांड्यावर कळ्या पुष्कळ असल्याने बहर मात्र काही आठवडे चालतो. बी हवे असेल तर वाळलेली फुले खुडू नयेत. त्यांच्या खालची हिरवी बोंडे पावसाळा सरताना फुगतात, पिवळी पडतात आणि तीन फाकांत उकलतात. फाका मागे वळल्या की मधल्या दांडीला चिकटलेला काळ्या चकचकीत बियांचा घोस दिसतो. अनेकजण हे दांडे फुलदाणीसाठी कापून ठेवतात, तेही शोभतात, पण पेरायचे असल्यास बी ताजे असतानाच काढावे. जुने बी उगवायला फार वेळ घेते व पुष्कळदा उगवतच नाही. एक रात्र पाण्यात भिजवून, ओलसर रेतीत मिसळून, झाकणाच्या डबीत चार-सहा आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले तर उगवण अधिक एकसारखी होते. (वर ज्या फ्रिजला नावे ठेवली तो इथे उपयोगी पडतो, कारण इथे बियांची केवळ सुप्तावस्था मोडायची आहे.) त्यानंतर फेब्रुवारीत अर्धा इंच खोल पेरावे. फुले बहुधा दुसऱ्या वर्षी येतात.

आता पिवळ्या पानांविषयी. आपल्याकडे वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो आणि काळी माती ते पाणी धरून ठेवते. उन्हाळ्यात भेगाळणारी हीच माती पावसात फुगून आतली हवा कोंडते. अशा मातीत गड्ड्याला जिवाणूंमुळे होणारी मऊ कूज लागते व पाने बुडापासून पिवळी होत जातात. वरून खत किंवा फवारणी देऊन काही होणार नाही. एक बाजू उकरून गड्डा अंगठ्याने दाबून पाहावा. तो घट्ट असेल तर चिंता नाही. बोट रुतले व दुर्गंध आला तर संपूर्ण बेट काढावे, सडलेला भाग निरोगी पांढरा गर दिसेपर्यंत कापून टाकावा, कापलेले तुकडे एक-दोन दिवस सावलीत सुकू द्यावेत आणि मगच नव्या जागी लावावेत. चाकू प्रत्येक तुकड्यानंतर उकळत्या पाण्याने धुवावा, नाहीतर रोग आपणच हाताने वाटत जातो.

नवी जागा म्हणजे वीतभर उंच गादीवाफा. एक भाग काळी माती, एक भाग जाड रेती आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत पुरे होते. बारीक रेती टाळावी, कारण ती काळ्या मातीशी मिळून घट्ट थर बनवते. गड्डे फुटाच्या अंतराने, जेमतेम इंचभर मातीखाली ठेवावेत. सकाळचे ऊन भरपूर आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर सावली मिळाली तर पानांची टोके करपत नाहीत. बेट विरळ करायला पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर चांगला, आणि दर तीन वर्षांनी एकदा ते केले म्हणजे पुरे.

प्रश्न : आमच्या कुंडीत आईने लावलेले वेखंड आहे. शेजारी म्हणतात की हेच आयरिस. खरे काय?
— एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : पान चोळून वास घ्यावा. बाळगुटीत उगाळतात त्या वेखंडाचा उग्र सुगंध आला तर शंकाच नको. वेखंडाच्या पानावर एका कडेकडे सरकलेली ठळक शीर असते आणि फूल म्हणून बोटभर लांबीचे हिरवट कणीस पात्यासारख्या दांड्याच्या बाजूने निघते. ते केसर कुलातले नाही, त्याचे कुल वेगळे आहे. त्याला पाणथळ जागा मानवते, म्हणून बेलमकांडाशेजारी एकाच कुंडीत लावू नये.

प्रश्न : केसर जर याच कुलातले असेल तर ते इंदुरात बंद खोलीत पिकवता येते असे जे ऐकतो, ते खरे मानावे का?
— एक निवृत्त शिक्षक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : फुले येतात हे खरे आहे, पण त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. केसराच्या कंदात फुलाचा अंकुर उन्हाळ्यात, २३ ते २७ अंशांच्या उबेत तयार होतो, आणि हवा सतरा अंशांच्या आसपास उतरली की तो बाहेर पडतो. यासाठी मातीची किंवा पाण्याचीही गरज नसते, कारण सारे अन्न कंदात असते. त्यामुळे काश्मीरहून आणलेला वजनदार कंद थंड केलेल्या खोलीत ट्रेमध्ये ठेवला तरी फुलतो. खरी कसोटी त्यापुढे आहे. फुलल्यावर जुना कंद संपतो, त्याच्या जागी नवे कंद धरतात आणि ते पोसण्यासाठी पानांना हिवाळाभर ऊन, माती व थंडी लागते. केसराला बी धरत नाही, म्हणजे कंदाखेरीज वाढीचा दुसरा मार्ग नाही. नवे कंद लहान राहिले तर पुढच्या वर्षी फुले येत नाहीत व कंद पुन्हा विकत आणावे लागतात. एक ग्रॅम सुक्या केसरासाठी सुमारे दीडशे फुले लागतात हे लक्षात घेऊन, वातानुकूलनाचे बिल मांडून, मगच व्यवसायाचा विचार करावा. हौसेपुरते दहा कंद आणायला हरकत नाही.

प्रश्न : घरात मांजर आणि लहान नात आहे. बेलमकांडा लावावे का?
— एक आजी, वैशाली नगर, इंदूर

उत्तर : आयरिस वर्गातील झाडांचे गड्डे पोटात गेल्यास उलट्या व जुलाब होतात आणि कापताना निघणाऱ्या रसाने काहींच्या हातांना खाज सुटते. चीनमध्ये बेलमकांडाचा गड्डा घशाच्या औषधात वापरतात, पण ते घरी करून पाहण्याचे काम नव्हे. झाड उंच कठड्याच्या वाफ्यात लावावे आणि बोंडे उकलण्याआधी दांडे कापावेत, म्हणजे काळ्या बिया फळे समजून नात तोंडात घालणार नाही. गड्डे काढताना हातमोजे वापरावेत व उरलेले तुकडे मांजराच्या किंवा गायीच्या वाटेत टाकू नयेत.