सोसायटीच्या ग्रुपवर हॅकिंग, युद्ध आणि धरणावरून वाद पेटतो तेव्हा नेमकं काय बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सिंहगड रोडवरची सोसायटी, ग्रुपवर निवृत्त मंडळी रोज एक तरी 'सावधान' टाकतात, तुम्ही आयटीतले म्हणून खोडून काढायला जाता आणि "तुमच्या पिढीला सगळंच खोटं वाटतं" हे ऐकून परत येता. सध्या तीन विषय तापलेत. खडकवासल्यातून २ लाख क्युसेक सोडणार, पेजरसारखा मोबाइलही लांबून उडवता येतो, आणि व्हॉट्सॅप सरकार वाचतं. गप्प बसावं की भांडावं?

भांडा. फक्त "हे खोटं आहे" आणि "सोर्स द्या" ही दोन वाक्यं सोडून द्या. पहिल्याने समोरच्याची अब्रू पणाला लागते आणि दुसऱ्याला उत्तर म्हणून एका यूट्यूब चॅनेलची लिंक येते. त्याऐवजी "हे नेमकं कसं होईल?" एवढंच विचारा. पुण्यात मत नसलेला माणूस सापडणं कठीण, पण 'कसं' म्हटलं की मत बाजूला ठेवून यंत्रणा समजावून सांगावी लागते. खोट्या पोस्टचा पाय तिथेच घसरतो. खऱ्या भीतीचा घसरत नाही, ती उलट नीट मांडली जाते. दोन्हींत फायदाच आहे.

धरणाचं आधी घेऊ, कारण ते कागद-पेन्सिलीने सुटतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर पाणी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग २४ तास चालला की एक टीएमसी पाणी जातं. हा एक आकडा लक्षात ठेवलात तर पावसाळ्यातले निम्मे वाद मिटतात. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी. २ लाख क्युसेकने सोडलं तर ९,८५० सेकंदांत, म्हणजे पावणेतीन तासांत धरण रिकामं. वरची पानशेत (१०.६५), वरसगाव (१२.८२) आणि टेमघर (३.७१) धरली तर चारही मिळून २९.१५ टीएमसी, तीही या वेगाने चाळीस तासांत तळाला लागतील. पाऊस चालू असताना वरून भर पडत राहते हे खरं, पण आकडा किती अचाट आहे ते एवढ्यावरून दिसतं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या आसपास होता. पोस्टमधला आकडा त्याच्या पाचपटींहून जास्त आहे.

इथेच एक खड्डा आहे आणि हुशार माणसं त्यातच पडतात. "२ लाख वगैरे काही नाही, अफवा आहे" असं लिहून तुम्ही मोकळे झालात आणि रात्री विसर्ग ३० हजारांवर गेला, तर गाड्या तळमजल्यावर राहू दिल्याचं खापर तुमच्यावर. तेही रास्तच. आकडा चुकीचा म्हणजे धोका नाही, असं होत नाही. शिवाय १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते ज्यांनी घरच्यांकडून ऐकलंय, त्यांच्या भीतीला हसण्यासारखं काही नाही. म्हणून उत्तर साधारण असं असावं:

"काका, २ लाखाचा आकडा बसत नाही, त्या वेगाने खडकवासला पावणेतीन तासांत रिकामं होईल. पण नदीकाठी पाणी यायला ३०-३५ हजारही पुरतात. जलसंपदा विभागाच्या विसर्गाच्या निवेदनात वेळ लिहिलेली असते, ते बघून इथे टाकतो. तोवर तळमजल्यावरच्या गाड्या वर घेऊ."

चार वाक्यं. आकडा खोडला, काळजी खोडली नाही, आणि पुढचं कामही सांगितलं. ज्या मेसेजमध्ये विसर्गाची वेळ नाही तो कितीही गंभीर आवाजातला असला तरी निरुपयोगी, कारण हा आकडा तासातासाला बदलतो.

आता पेजर. १७ सप्टेंबर २०२४ ला लेबनॉनमध्ये पेजर फुटले, दुसऱ्या दिवशी वॉकीटॉकी. त्यावरून "लिथियम बॅटरी हॅक करून उडवली" अशी समजूत घट्ट झाली. विचारा, कशी? लिथियम बॅटरी बिघडते तेव्हा आधी गरम होते, फुगते, सूं-सूं आवाज करत धूर सोडते, मग भडका उडतो. भाजतं, आग लागते, पण त्याला काही सेकंद तरी लागतात. पेजरच्या चित्रफितींत असं काहीच दिसत नाही. माणूस भाजीच्या दुकानात उभा आहे आणि क्षणात धमाका होतो. तो स्फोटकाचा धमाका आहे. बॅटरीच्या पॅकमध्ये स्फोटक आधीच भरलेलं होतं, संदेश हे फक्त बटण होतं. तुमच्या फोनमध्ये कुणी स्फोटक भरलेलं नाही, त्यामुळे दाबायला बटणही नाही. शिवाय फोनच्या बॅटरीवर जास्त चार्जिंग आणि शॉर्ट सर्किट तोडणारी एक छोटी संरक्षक पट्टी असते आणि ती फोनच्या सॉफ्टवेअरच्या आज्ञेवर चालत नाही.

एवढं सांगून थांबू नका, कारण काकांच्या बोलण्यात एक दाणा खरा आहे. माल कारखान्यातून आपल्या हातात येईपर्यंत त्यात काय घातलं गेलं हे आपल्याला कळत नाही, ही भीती अगदी योग्य आहे. ती मान्य करा. शेवटी त्याच धाग्याला मी परत येणार आहे.

याच्या उलट्या जातीचा घोळ १९ जुलै २०२४ ला झाला. जगभर विंडोजचे सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बसले, आपल्याकडे काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, आणि ग्रुपांवर 'जागतिक सायबर हल्ला' सुरू झाला. हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरची एक सदोष अपडेट फाइल सगळीकडे एकदम गेली होती. ती सेफ मोडमध्ये जाऊन खोडली की संगणक उठत होता. हल्ल्यात बहुतेकदा चोराला काहीतरी हवं असतं: खंडणी, माहिती, पैसे. इथे मागणारा कुणीच नव्हता. 'हल्ला' म्हणणाऱ्याला हाच प्रश्न टाकायचा, मागितलं काय?

खरा हल्ला कसा असतो याचं उदाहरण पुण्यातलंच आहे आणि ते वादात उपयोगी पडतं. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एकाही खातेदाराने ओटीपी सांगितला नव्हता. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या स्विचच्या जागी चोरांनी आपला बनावट स्विच उभा केला, त्याने प्रत्येक मागणीला 'हो' म्हटलं, आणि क्लोन केलेल्या कार्डांनी ११ ऑगस्टला अनेक देशांतल्या एटीएममधून रोकड निघाली. उरलेले सुमारे १४ कोटी १३ तारखेला स्विफ्टमधून, म्हणजे बँकांच्या परदेशी व्यवहारांच्या जाळ्यातून, हाँगकाँगला. म्हणून "माणूस मूर्ख असल्याशिवाय पैसे जात नाहीत" असं जे तरुण मेंबर लिहितात, तेही चूकच.

पण तुमच्या ग्रुपमधल्यांचे पैसे जातील ते बहुधा अशा मार्गाने नाही. वाहतूक दंडाचं 'चलन' किंवा लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडली, तिला एसएमएस वाचायची परवानगी दिली, संपलं. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच नाही, हे वाक्य ग्रुपच्या वरच्या टोकाला अडकवून ठेवलंत तरी चालेल. 'डिजिटल अरेस्ट' नावाची कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, लगेच बँकेला, मग सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. उशीर झाला की रक्कम खात्यामागून खात्यात फिरते. आणि "बँक द्यायला बांधील आहे" विरुद्ध "ओटीपी दिलात ना, मग विसरा" हा वाद रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने केव्हाच मिटवलाय: चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, अशा प्रकरणात कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले तर कळवण्याआधीचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर असतात.

व्हॉट्सॅपच्या वादातही तेच. एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच उघडता येणारं कुलूप, २०१६ पासून सगळ्या संदेशांना आहे, ते वाटेत कुणी वाचू शकत नाही. पण ते वाटेपुरतंच. फोन हातात आला, किंवा पेगासससारखं हेरगिरीचं सॉफ्टवेअर फोनमध्येच शिरलं, किंवा कुणी स्क्रीनशॉट काढला, की एन्क्रिप्शनचा संबंध संपला. तीन गोष्टी सेटिंगमध्ये जाऊन करा: लिंक केलेली उपकरणं तपासा, अनोळखी असेल ते काढा; दोन टप्प्यांच्या पडताळणीचा सहा आकडी पिन लावा; आणि बॅकअपचं एन्क्रिप्शन चालू करा, ते आपोआप चालू नसतं. त्यासाठी लावलेला पासवर्ड विसरलात तर बॅकअप परत मिळत नाही, हेही काकांना आधीच सांगा, नाहीतर नातवाचे फोटो गेले म्हणून पुढचा वाद तुमच्याशी. आणि हो, तीन लाल टिका दिसल्या की सरकारने तुमच्यावर कारवाई सुरू केली, हा मेसेज शुद्ध थाप आहे.

युद्धाच्या काळात चित्रफिती येतात त्यांची गोष्ट वेगळी, कारण तेव्हा 'कसं' विचारणाऱ्याची देशभक्ती काढतात. मे २०२५ मध्ये "एटीएम दोन-तीन दिवस बंद" हा मेसेजही फिरला होता, केंद्र सरकारच्या पीआयबीने खोडला. व्हिडिओ तपासताना गूगल लेन्समध्ये स्क्रीनशॉट टाका हे सगळेच सांगतात. मी आणखी एक सांगतो: कान वापरा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर लांबच्या स्फोटाचा आवाज लखलखाटानंतर तीन सेकंदांनी यायला हवा. क्षितिजावर भडका आणि धडाम एकदमच, तर आवाज मागून चिकटवलाय किंवा ते व्हिडिओ गेममधलं दृश्य आहे. हे ग्रुपवर लिहिलंत तर कुणाला राग येत नाही. लोक स्वतः मोजायला लागतात.

थोडं कायद्याचं, कारण धमक्याही त्याच्याच येतात. "६६ अ लावीन" म्हणणाऱ्याला सांगा की आयटी कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलंय. "ॲडमिनला अटक होते" हेही सरसकट खरं नाही. सदस्याच्या पोस्टसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. मात्र जातीधर्मावरून भडकवणारी पोस्ट आली तर तिथे 'कसं' वगैरे काही नाही. वाद घालू नका, ॲडमिनला सांगून काढायला लावा. ॲडमिन कुणाचीही पोस्ट काढू शकतो.

बाकी पोस्टबाबत आधी खासगीत सांगा. पाठवणाऱ्याला साधारण अडीच दिवस ती सर्वांसाठी हटवता येते आणि बहुतेक जण गुपचूप हटवतात. ग्रुपवर लिहायचंच तर मूळ मेसेजलाच रिप्लाय करा, नाहीतर मध्ये वीस सुप्रभात येतात आणि तुम्ही कशाबद्दल बोलताय ते कुणाला कळत नाही. चुकीचा व्हिडिओ 'हा बघा खोटा' म्हणून परत टाकू नका. अर्धे लोक वर काय लिहिलंय ते वाचत नाहीत, व्हिडिओ मात्र पुढे पाठवतात.

आता तो राहिलेला धागा, मालात काय भरलंय हा. पेजरवाल्या काकांना घेऊन सोसायटीच्या केबिनमधल्या डीव्हीआरसमोर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणाऱ्या डब्यासमोर, उभे राहा. २०१६ मध्ये मिराय नावाच्या घातक सॉफ्टवेअरने असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखोंनी ताब्यात घेतले होते, आणि त्यासाठी काही फोडावं लागलं नव्हतं. कारखान्यातला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. ॲडमिनचा पासवर्ड बदला, तो भिंतीवरच्या कागदावर लिहू नका. लावून देणाऱ्या माणसाने स्वतःसाठी ठेवलेलं खातं यूझरच्या यादीत सापडेल, ते काढा. राउटरमध्ये यूपीएनपी (उपकरणांना स्वतःच बाहेरची दारं उघडू देणारी सोय) बंद करा आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर, म्हणजे इंटरनेटवरून आत यायच्या दारांच्या यादीत, डीव्हीआरच्या नावाने ८०, ५५४ किंवा ८००० उघडे असतील तर मिटवा. फर्मवेअरची, म्हणजे डीव्हीआरच्या आतल्या सॉफ्टवेअरची, तारीख बघा. आणि तारीख-वेळही जुळवून घ्या, बऱ्याच डीव्हीआरचं घड्याळ चुकलेलं असतं, आणि चोरी झाल्यावर पोलिस आधी तेच विचारतात.